थोरली, धाकटी आणि बावीस राखणदार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुळवणी. त्यात मी लबाडी केली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं दडवून ठेवलं.

असीरगडाकडच्या लालबागेतल्या आमच्या घराचा ओटा, दुपारचे चार. मधे सुपात तुरीच्या शेंगा. तिच्या हातात तिचा फोन, माझ्या हातात माझा. तिच्या मांडीवर वही आणि वहीत खोचलेली दोन पेनं, एक हिरवं, एक लाल. ती तिच्या फोनातली एक ओळ वाचणार, मी माझ्या फोनात तीच गोष्ट शोधून वाचणार. दोन्हीकडे सारखं निघालं तर हिरवी खूण. फरक निघाला तर लाल गोळा. रोज एक पान. चार वर्षं हा उद्योग चालला होता.

त्या दिवशी मला चायची तलफ आली होती. ती म्हणाली, "आता शेवटची ओळ. राखणदारांची. थोरली काय म्हणते बघा."

मी पान खाली सरकवलंच नाही. चष्मा कपाळावर होता, तो तिथंच राहू दिला. म्हणालो, "तेच म्हणते. काही बदललं नाही."

"वाचलं का?"

"वाचलं ना. दर सोमवारी तेच तर असतं. चाय ठेव."

तिनं लाल गोळा केला. "बदलेल," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

चाय चांगली झाली होती. दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्याच्या फाटकाशी पोचायच्या आत कारभार आटोपला होता.

आता थोरली कोण, धाकटी कोण आणि राखणदार कुठले, हे कळल्याशिवाय माझी लबाडी केवढी ते कळायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तिचं नाव मात्र घेत नाही. पंचेचाळीस वर्षांत उखाण्यात सोडून कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ.

मी चौथी शिकलेला. कागदाच्या मिलमध्ये अडतीस वर्षं काढली. कागद मोप बनवला, वाचला कमी. ती मॅट्रिक पास. हे तिनं मला कधी ऐकवलं नाही, पण रेशनकार्डाच्या फॉर्मवर सही करताना माझ्या हातातून पेन काढून घ्यायची, त्यात सगळं आलं.

आमचा एकच पोरगा. पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला कॉलेजपासून एका परदेशी खेळाचं वेड. मोठ्या टेबलावर डोंगर, भिंती, पडके किल्ले मांडायचे. दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे सैनिक. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून सैनिक पुढे सरकवायचा, आणि कोण मेला ते पुन्हा फाशावर. सैनिक विकत येतात ते उघडेबोडके, शिशासारख्या धातूचे. रंग आपण द्यायचा. आणि त्या सैनिकांची एक अख्खी दुनिया कुणीतरी रचून ठेवली आहे. हजारो वर्षांनंतरची. ताऱ्याताऱ्यावर गड, राजे, घराणी, भाऊबंदकी, वेढे, दगाफटका. म्हणजे नवीन काही नाही, आपल्याकडचंच, फक्त ताऱ्यांवर.

पोरानं बावीस सैनिक रंगवले होते. डोळ्याला भिंग लावून, एका केसाच्या ब्रशनं, वर्षभर. पुण्याची खोली लहान म्हणून ते बिस्किटांच्या डब्यात घालून इथं माळ्यावर ठेवून गेला.

दिवाळीच्या साफसफाईत डबा हिच्या हाती लागला. उघडून बघते तर धातूची माणसं, अंगावर काळपट-पिवळं काहीतरी चढलेलं. तिला वाटलं, मळ. चिंचेच्या पाण्यात भिजत घातले. मग राख आणि काथ्या घेऊन बसली आणि घरचे देव घासतो तसा एकेक घासला. बगलेत, मानेखाली, सगळीकडे.

नरकचतुर्दशीला पोरगा आला. देव्हाऱ्याखाली पाटावर तबक, तबकात बावीस सैनिक ओळीनं उभे, चांदीसारखे लख्ख. आणि प्रत्येकाच्या कपाळाला हळदीकुंकू.

पोरगा बघतच राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "राहू दे आई." बस. दोन दिवस राहिला आणि गेला.

त्यानंतरचे फोन मी ऐकलेत. "जेवलास?" "हो." "काय जेवलास?" "भाजी-पोळी." "झोपतोस का वेळेवर?" "हो." "बरं, ठेवते." तीन महिने. गॅसवाल्याशी लोक यापेक्षा जास्त बोलतात.

एक दिवस ती पोळ्या लाटता लाटता थांबली. म्हणाली, "मी कुणाला घासलं ते तरी मला कळायला नको का?"

"शिशाचे बाहुले घासले, दुसरं काय?" मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा," म्हणाली, आणि पिठाच्या हातानंच पोराला फोन लावला. "त्या तुझ्या माणसांचे कपडे कोणत्या रंगाचे होते रे?"

तो म्हणाला, "कशाला आई?"

"सांग ना."

"सांगून नाही कळणार. कोशात बघ. लिंक भेजतो. दोन कोश आहेत, दोन्ही बघ. टेन्शन नको घेऊ."

असं ते सुरू झालं. हे कोश कुण्या पंडितांनी लिहिलेले नाहीत. त्या खेळाचे जे जगभरचे वेडे आहेत त्यांनीच, पगार नाही की भत्ता नाही, बसून लिहिलेत. कोणता राजा कुणाचा, कोणती लढाई कुठं, कोणत्या पलटणीच्या टोपीला कोणतं पीस. कुणीही लिहायचं, कुणीही खोडायचं. सगळं इंग्रजीत. पोरानं फोनात अशी कळ दाखवून दिली की पान मराठीत व्हायचं. मराठी म्हणजे बँकेच्या नोटिशीसारखं, पण अर्थ लागायचा.

दोन कोशांना तिनं दुसऱ्याच दिवशी नावं ठेवली. थोरली आणि धाकटी. एका घरात दिलेल्या दोन जावा.

थोरली म्हणजे मोठी, भरलेली. पान उघडलं की आधी जाहिराती, गुडघ्याचं तेल, साड्या, मग रंगीत चित्रं, मग गोष्ट. काय गोष्ट सांगायची! सेनापती मेला तर कसा मेला, आभाळ कसं लाल झालं, घोडा कसा खिंकाळला, सगळं. कुठं अडणं नाही, चाचरणं नाही. स्वतः तिथं पाट मांडून बसली होती जशी.

धाकटी सुकी. चित्र एखादंच, तेही टिकलीएवढं. चार ओळी बोलणार आणि गप. पण प्रत्येक ओळीच्या खांद्यावर एक बारीक आकडा. पानाच्या तळाशी तो आकडा शोधला की कळायचं, हे मी खेळ काढणाऱ्यांच्या अमुक पुस्तकाच्या तमुक पानावरून सांगते आहे. आणि जे तिला माहीत नाही तिथं सरळ लिहायची, माहीत नाही.

तिसरीही एक होती. ती नुसती टिंगल करायची, त्या राजांची आणि या दोघींचीही. तिचं नाव हिनं ठेवलं शेजारीण. "तिच्याकडं रोज जायचं नाही," म्हणायची, "पण घरातली खरी बातमी कधी कधी तिच्याच तोंडून निघते."

मला विचाराल तर मला थोरली आवडायची. माणसानं बोलावं तर असं पोटभर. धाकटी म्हणजे आमच्या मिलमधला टाइमकीपर. हिला धाकटी पसंत. म्हणून वाटणी झाली. थोरली माझ्या फोनात, "तुम्हाला चित्रं लागतात," म्हणून, आणि धाकटी तिच्या.

आणि दोघींची जुळवणी का करायची, तर त्याला कारण रंग. थोरली म्हणे, त्या बावीस जणांच्या खांद्यावर हळदीसारखा पिवळा पट्टा. धाकटी म्हणे, एका पुस्तकात पिवळा आहे, दुसऱ्यात गेरूचा आहे, दोन्ही पानांचे आकडे हे घ्या. ही दोन दिवस विचारात. मग गावात जाऊन रंगाच्या बाटल्या आणल्या, माझं भिंग घेतलं, आणि महिनाभर खपून अकरा जणांना पिवळा पट्टा दिला, अकरा जणांना गेरूचा.

पोराला फोटो पाठवला. लगेच फोन. "आई! हे काय केलंस?"

"दोन्ही घरांचा मान ठेवला," ही म्हणाली.

तो हसला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी मला चुलीपाशी ऐकू आलं. एका सैनिकाचं नाक तिनं थेट लाल करून ठेवलं होतं, त्यावर पुढं अर्धा तास चर्चा.

आता हे सगळं तिला जमलं कसं, मॅट्रिक बाईला? लोक विचारतात. अहो, तिचा मूळ धंदाच तो. सोयरिकीची चौकशी.

खकनारपासून इच्छापुरापर्यंत आमच्या नात्यागोत्यात कुणाचं लग्न जमायचं असलं की माणसं आमच्या ओट्यावर. पैसा घेत नसे, चायसुद्धा आमचीच. पण विचारपूस अशी करायची की फौजदारानं शिकावं. तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. "एका घरचं ऐकून पोरगी देत नाहीत." आणि दुसरं, कुणी काही सांगितलं रे सांगितलं की, "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं नाव सांगितलं की, "बरं, मग त्याला कुणी सांगितलं?"

एकदा शेजारच्या सुमनबाईच्या भाचीला खकनारकडचं स्थळ आलं. पोरगा बँकेत आहे म्हणे. तीन माणसं ग्वाही द्यायला तयार, तिघंही वजनदार. एक शाळेतले मास्तर, एक किराणा दुकानदार, एक पोराचा मामा. सगळे म्हणाले, झालं, आता हळद लावा. ही म्हणाली, थांबा. मला घेऊन बसनं गेली. मास्तरांना विचारलं, बँकेचं कुणी सांगितलं? मास्तर म्हणाले, दुकानदारानं. दुकानदार म्हणाला, मामानं. मामाच्या वावरात जाऊन त्याला केळीच्या बागेत गाठला. तो म्हणाला, "मास्तर सांगत होते ना!"

ही तिथंच बांधावर बसून हसायला लागली. तिघं तीन दिशांना तोंड करून उभे, आणि प्रत्येकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ. खाली जमीनच नाही.

मग पोरालाच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "काकू, मी बँकेच्या बाहेर टेबल टाकून लोकांचे फॉर्म भरतो. बँकेत आहे असं मी कधी बोललो?" खरंच, तो कधीच बोलला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हिनं सुमनबाईला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, "पोरगी द्यावी असा पोरगा आहे. जो स्वतःबद्दल मोठं बोलत नाही त्याला देऊन टाक." दिली. दोन लेकरं आहेत आता.

हे मी का सांगितलं, तर आता राखणदार येतात.

चिंचेनं घासलेले ते बावीस सैनिक म्हणजे एका गडाच्या दरवाजाचे राखणदार. गडाचं नाव इंग्रजीत लांबच लांब होतं. ही त्याला आमच्याकडच्या किल्ल्यावरून असीरगड म्हणायची, कारण तो पण वेढा घालून पडला नाही, दरवाजा आतून उघडला म्हणून पडला. आणि दरवाजा उघडला कुणी? थोरली म्हणे, या बावीस राखणदारांनी, फितूर होऊन. धाकटीसुद्धा तेच म्हणे.

हिनं ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "माझ्या देव्हाऱ्यासमोर ज्यांना मी आंघोळ घातली, कुंकू लावलं, ते फितूर?"

"अगं, शिशाचे आहेत," मी म्हणालो.

"शिशाचे असोत. पोरानं वर्षभर जीव लावला, तो फितुरांना?"

पोराला विचारलं. तो म्हणाला, "हो आई, सगळे तसंच मानतात. टेबलावर पण लोक मला चिडवतात, तुझी गद्दारांची टीम." ते त्यानं हसून सांगितलं, पण आई ती. तिला त्या हसण्याखालचं ऐकू आलं.

ती लागली मागे. धाकटीच्या ओळीवरचा आकडा धरून तळाला गेली. तिथं पुस्तकाचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, थोरलीचं पान बघा. थोरलीच्या पानाच्या तळाला मला उतरवलं. थोरली सहसा आधार देत नाही, पण या ठिकाणी नेमका दिला होता. आधार काय, तर धाकटी!

ती सुपातल्या शेंगा उधळून उठली. "अहो, हे तर खकनारचं स्थळ!"

पोरानं तिच्या वतीनं इंग्रजीत धाकटीच्या पानामागं अर्ज टाकला. तिथं चर्चेला जागा असते, आपल्या चावडीसारखी. धाकटीचं घर सांभाळणारा कुणी परदेशातला माणूस होता, नावाच्या जागी नुसते आकडे आणि एक कवटी. त्यानं विचारलं, तुमच्याकडे पहिल्या छपाईचं पुस्तक आहे का? हिनं सांगितलं, लिही, "माझ्याकडं कोणतंच पुस्तक नाही. तुमच्याकडं आहे ना? मग तुम्हीच बघून सांगा, फितुरी कोणत्या पानावर आहे."

पाचव्या दिवशी कवटीवाल्यानं लिहिलं, सगळी पुस्तकं चाळली, कुठंच नाही. दरवाजा उघडा सापडला एवढंच आहे. कुणी उघडला ते नाही. तुमचे आभार. आणि ती ओळ काढून तिथं लिहिलं, दरवाजा कसा उघडला हे माहीत नाही.

त्या दिवशी मला सायकलवर पिटाळलं. किलोभर मावा जिलेबी. गल्लीत घरोघर वाटली. लोक विचारायचे, "काय, पोराचं लग्न जमलं का?" ही सांगायची, "नाही, बावीस जण निर्दोष सुटले." अर्ध्या गल्लीला वाटलं कोर्टाची केस होती. मी कुणाला समजावत बसलो नाही. जिलेबी गरम होती.

पण थोरली मानेना. तिच्याकडं अर्ज टाकला तर उत्तर आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. ही म्हणाली, "'सगळ्यांना माहीत' म्हणजे कुणालाच माहीत नाही." पुन्हा अर्ज. पुन्हा तेच. मी म्हणालो, सोड आता, एकीनं मानलं ना? म्हणाली, "थोरलीकडं पाहुणे जास्त येतात. जग तिचंच ऐकतं." खरं होतं ते. माझंच उदाहरण घ्या.

म्हणून दर सोमवारी राखणदारांचं पान. आठ महिने. दर सोमवारी मी वाचायचो, "बावीस फितुरांनी दरवाजा उघडला," आणि ती लाल गोळा करायची आणि म्हणायची, "बदलेल." लाल गोळ्यांची रांग झाली होती वहीत, सौभाग्याचं कुंकू सांडल्यासारखी.

तिला या दुनियेतल्या मोठ्या लोकांचं कौतुक नव्हतं. राजा, सेनापती, तलवार, पुढं चला. तिचे प्रश्न वेगळे. एकदा पोराला म्हणाली, "गडात दहा हजार माणसं सात वर्षं अडकली. जेवली काय?"

"आई, ते नाही लिहिलेलं."

"पीठ कुठं दळलं? मीठ कुठून आणलं? दहा हजारांच्या भाकरी कुणी थापल्या, तुझ्या त्या सेनापतीनं?"

पोरानं हा प्रश्न पण टाकला धाकटीच्या चावडीवर. म्हणे जगभरची माणसं त्यावर दोन आठवडे भांडली. कुणी म्हणे गोळ्या खायचे, कुणी म्हणे शेवाळ. ही म्हणाली, "सगळे पुरुष दिसतात. एकानं पण चुलीचं विचारलं नाही."

पोराचे फोन आता तासतासाचे. मी सुद्धा मधे तोंड घालायचो, थोरलीची बाजू घेऊन. "थोरली म्हणते घोडे होते." पोरगा म्हणायचा, "बाबा, तिथं हवाच नाही, घोडे कुठून येतील?" ही म्हणायची, "तुझ्या बाबांना चित्रात दिसला असेल." बाप-लेकात एरवी घोड्याबद्दल काय, कशाबद्दलच बोलणं नव्हतं.

तोटा एकच. सोयरिकीच्या कामात घोटाळे होऊ लागले. सुमनबाई एकदा आली, पोरीसाठी कुठलं तरी घर बघायचं होतं.

"वहिनी, काय करून राहिल्या? ते आपलं स्थळ काय झालं?"

"ते घराणं?" हिची नजर वहीत. "नको गं बाई. त्यांच्या आजानं सख्ख्या भावाला विष घातलं."

"अगं माय! काय सांगता!"

"आणि राजवाडा जाळला."

"राजवाडा? वहिनी, त्यांचं तर पत्र्याचं घर आहे."

हिनं मान वर केली. "अगं, नाही नाही. ते दुसरे. ते ताऱ्यावरचे. तुझेवाले चांगले आहेत, देऊन टाक."

सुमनबाई माझ्याकडं बघून डोक्याशी बोट फिरवत गेली. मी पण मान हलवली. मी तरी काय करणार. मिलमधले जुने दोस्त पारावर भेटले की विचारायचे, "काय भो, वहिनी अजून लढाईवर का?" मी म्हणायचो, "वेढा चालू आहे. भाकरी येत नाही वेळेवर." सगळे हसायचे. मी पण. तिची मस्करी मी गावभर केली आणि घरी येऊन चष्मा लावून थोरली उघडून बसलो. तिला दोन्ही माहीत होतं.

आता ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

पोरगा रात्रीच्या गाडीनं निघाला तो सकाळी पोचला. आत गेला, तिच्यापाशी बसला. मग बायकांनी त्याला उठवलं, तेव्हा बाहेर ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. अंगणात बांबू, कडबा, मडकं, सगळी तयारी. माणसं हळूहळू जमत होती.

मी विचारलं, "चाय घेतली का?"

"स्टेशनवर."

"गाडीला गर्दी होती?"

"थोडी."

"झोप झाली?"

"नाही."

माझ्या ध्यानात आलं की हे आपण कुठं जाऊन पोचलो. हे ते जुने तीन महिने. आता मधे ती नाही, आणि असंच चालणार, भाजी-पोळी, हो, ठेवतो. ओट्याच्या कोपऱ्यात कालचं सूप तसंच होतं. अर्ध्या शेंगा सोललेल्या. सुपाखाली वही.

मी म्हणालो, "काल मी तिला खोटं बोललो."

पोरानं माझ्याकडं बघितलं.

"राखणदारांची ओळ. सोमवार होता. मी वाचलीच नाही, चाय पाहिजे होती म्हणून. काही बदललं नाही म्हणून सांगून टाकलं. तिच्या वहीत तेवढीच एक खूण खोटी आहे."

मला वाटलं तो म्हणेल, राहू दे बाबा. त्याच्या आईला म्हणाला होता तसं. त्यानं खिशातून माझा फोन काढला, रात्रीपासून तो लोकांना कळवायला कुणी कुणी वापरत होतं, शेवटी याच्याकडं आला होता. पान उघडून माझ्या हातात दिला.

"वाचा. थोरली तुमची आहे."

चष्मा लावला. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात सारली. चित्रं सारली. खाली खाली गेलो आणि ओळीवर बोट ठेवलं. बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही.

"'बावीस राखणदारांनी... दरवाजा उघडला असे... या पानावर पूर्वी लिहिलेले होते. त्याला... कोणत्याही पुस्तकात आधार... आढळत नाही. दरवाजा कसा उघडला हे अज्ञात आहे.'"

पुन्हा वाचलं. तेच होतं.

पोरानं फोन ओढून घेतला, दोन-तीन जागी बोट दाबलं. "बाबा, परवाच बदललंय. रविवारी." मग मोठ्यानं म्हणाला, "थोरली झुकली!" आणि हसला. अंगणातली माणसं वळून बघायला लागली. तो हसत होता आणि मधेच ते हसणं मोडलं, आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन तो रडायला लागला. मला पाठीवर हात फिरवायला येत नाही. मी त्याच्या मांडीवर वही ठेवली आणि हिरवं पेन काढून दिलं.

"तुम्ही करा," म्हणाला.

कालच्या लाल गोळ्याशेजारी मी हिरवी खूण केली. खूण कोयत्यासारखी वाकडी आली. खाली लिहिलं, जुळलं. लिहायला वेळ लागला.

मग उठलो आणि आत गेलो. बायका भोवती बसल्या होत्या, त्या सरकल्या. उजव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं, म्हणून डाव्या बाजूला गेलो. गुडघे टेकले. चारचौघांत मी तिच्याशी कधी धड बोललो नव्हतो, लग्नाच्या मांडवातही नाही.

म्हणालो, "अगं, थोरलीनं मान्य केलं. तुझी बावीस माणसं फितूर नव्हती. काल मी वाचलंच नव्हतं."

मागून सुमनबाई कुणाला तरी हळूच म्हणाली, "भाऊंचं डोकं गेलं वाटतं."

दारातून पोरगा म्हणाला, "नाही काकू. बाबा खरं सांगताहेत."

मला माहीत होतं तिनं काय विचारलं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणून पोराकडून फोन मागून घेतला, बोट ठेवलं, आणि ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तिला वाचून दाखवली.

मग बाहेर येऊन म्हणालो, "चला. उचला आता."